रिचमंडची वंशावळ: नकाशाच्या कामाच्या नोंदी

मराठी विकिपीडियावर एकाच नावाच्या अनेक गावांसाठी निःसंदिग्धीकरण पान असतं. रिचमंडचं पान लावायला घेतलं, तेव्हा नुसत्या यादीने वाचणाऱ्याचं भागत नाही हे जाणवलं. शहर, देश, लोकसंख्या लिहून झालं तरी इतक्या लांबलांबच्या गावांना एकच नाव कसं, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून कोणतं रिचमंड कोणाच्या पोटी आलं ते दाखवणारा एक मराठी नकाशा करायचा आणि पानही त्याच क्रमाने लावायचं असं ठरवलं. बॉस्टन, केंब्रिज, न्यूकॅसल अशा दुसऱ्या एखाद्या नावावर कोणी बसणार असेल, तर वेळ कुठे जातो हे त्यांना आधी कळावं म्हणून या नोंदी.

साधनं: क्यूजीआयएस (नकाशे करायचा प्रोग्रॅम), लिबरऑफिस कॅल्क (कोष्टकांसाठी), जिओनेम्सचा विदा (जगभरच्या ठिकाणांच्या नावांची यादी), विकिडेटा (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसंग्रह) आणि किनाऱ्यांच्या रेषांसाठी नॅचरल अर्थ. सगळं मोफत मिळतं. खर्च झाला तो फक्त छपाईवर.

२ जून

जिओनेम्सवर नाव टाकल्यावर शेकडो ओळी आल्या. त्यात शेतं, खाणी, शाळा, चर्च, स्टेशनं, टेकड्या सगळं आहे. आधी फक्त वस्तीचा संकेत असलेल्या ओळी ठेवल्या आणि बाकीचं गाळलं. त्या चाळणीतून न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड निसटलं. तिथे रिचमंड हे काउंटीचं नाव आहे, म्हणजे प्रशासकीय विभागात मोडतं. जॉर्जियातलं ऑगस्टा शहरही रिचमंड काउंटीत आहे, तेही गेलं. प्रशासकीय संकेताच्या ओळी परत घेतल्यावर दोन्ही मिळाली. दुसऱ्या नावावर काम करणाऱ्यांनी हे दोन्ही संकेत पहिल्यापासून ठेवावेत.

विकिडेटावर वेगळाच गोंधळ. रिचमंड आडनावाची माणसं, जहाजं, आणि 'रिचमंड फुटबॉल क्लब' या एकाच नावाच्या दोन संस्था: एक मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचा क्लब आणि एक १८६१ साली लंडनजवळ निघालेला रग्बीचा. 'मानवी वस्ती' आणि 'प्रशासकीय विभाग' अशी अट घातल्यावर यादी आटोपशीर झाली.

ब्रिटनमधलं सर्वांत जास्त ठिकाणी गेलेलं नाव रिचमंड आहे आणि ते ५६ ठिकाणी आहे, असा एक आकडा इंग्रजीत बराच फिरतो. मी तो पानावर घेतला नाही. काउंट्या धरल्या की वाढतो, उपनगरं सोडली की घटतो. काय मोजलं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर आकड्याचा वाचकाला उपयोग नाही.

५ जून

देवनागरी नावांचा स्तंभ भरला, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ तोडलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली. दुसऱ्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली तर सगळ्या नावांच्या जागी अगम्य चिन्हं. फाइल यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिपींची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) होती, पण एक्सेलने ती तशी ओळखली नाही. आणि तिथून जतन केल्यावर मूळ नावंही गेली. उपाय सोपा आहे: फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्येच उघडायची, उघडताना यूटीएफ-८ निवडायचं, आणि एक प्रत कायम वेगळी ठेवायची. नावं पुन्हा टाइप करण्यात संध्याकाळ गेली.

टाइप करताना एक नियम ठरवला, तो पुढे कामाला आला. प्रत्येक ओळीला 'पालक' नावाचा स्तंभ. त्यात दुसऱ्या ठिकाणाचं किंवा माणसाचं नाव, आणि शेजारच्या स्तंभात नाव कधी पडलं ते साल. पालक ठाऊक नसेल तर रकाना रिकामा. अंदाजाने काही भरायचं नाही.

९ जून

मुळाचं काम. हे सर्वांत सोपं जाईल असं वाटलं होतं आणि तसंच झालं.

सुरुवात फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या रिशमाँ या ठिकाणापासून. इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मंडीच्या विल्यमने उत्तरेकडची विस्तीर्ण जमीन ब्रेटन (फ्रान्समधल्या ब्रिटनीचा) सरदार अ‍ॅलन रुफस याला दिली. त्याने १०७१च्या सुमारास यॉर्कशरमध्ये स्वेल नदीच्या वरच्या कड्यावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याला नॉर्मंडीचं नाव दिलं. किल्ल्याभोवती गाव वाढलं. नकाशावरची पहिली रेषा ही: नॉर्मंडी ते यॉर्कशर. किल्ला अजून उभा आहे.

या जहागिरीमुळे 'अर्ल ऑफ रिचमंड' ही पदवी तयार झाली. पुढे नाव जगभर गेलं ते या पदवीमुळे. गाव जागेवरच राहिलं, पदवी मात्र माणसांबरोबर फिरली.

१४५२ साली ती एडमंड ट्यूडरला मिळाली. त्याचा मुलगा हेन्री १४८५ साली बॉसवर्थची लढाई जिंकून राजा झाला, तोच सातवा हेन्री. थेम्सकाठी शीन इथे राजवाडा होता. १४९७च्या नाताळात, राजा आणि दरबार तिथे असतानाच, तो जळाला. हेन्रीने तो नव्याने बांधला आणि १५०१च्या सुमारास आपल्या जुन्या पदवीवरून त्याला रिचमंड म्हटलं. शीन हे गावाचं नाव मागे पडलं आणि सरेमध्ये (ती जागा आज लंडनमध्ये येते) दुसरं रिचमंड उभं राहिलं. हेन्री १५०९ साली तिथेच वारला, त्याची नात एलिझाबेथ १६०३ साली तिथेच वारली.

१४ जून

इथे काम अडलं, आणि पुढचा सगळा नकाशा या एका गोष्टीवर अवलंबून होता म्हणून सविस्तर लिहिते.

जवळजवळ प्रत्येक यादीत, गॅझेटियरमध्ये, नगरपालिकेच्या माहितीपत्रात एक वाक्य असतं: 'इंग्लंडमधल्या रिचमंडवरून नाव.' कोणत्या रिचमंडवरून? यॉर्कशरच्या की सरेच्या? दोघांमध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि त्यांच्या जन्मात चारशेहून जास्त वर्षांचं. ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं की नकाशावर एक जाड रेषा इंग्लंडच्या मधोमध येऊन थांबते आणि तिथून पुढे काहीच कळत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच दिसत होतं: इंग्लंडमधून निघालेला रेषांचा एक झुबका.

मग 'पालक' स्तंभातून 'इंग्लंड' हा शब्दच काढून टाकला. त्या जागी तीनच उत्तरं चालतील असं ठरवलं: यॉर्कशर, सरे, किंवा ड्यूक ऑफ रिचमंड. ड्यूक म्हटलं तर कितवा तेही लिहायचं.

हा बदल केल्याबरोबर झाडाला आकार आला. ड्यूक ही पदवी सरेच्या गावावरून आलेली नाही. ती यॉर्कशरच्या जहागिरीची आहे. आठव्या हेन्रीने १५२५ साली आपला अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय याला पहिल्यांदा ड्यूक ऑफ रिचमंड केलं. तो निपुत्रिक गेला. आज चालू असलेलं घराणं दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलापासून, चार्ल्स लेनॉक्सपासून सुरू होतं, ते १६७५ साली. म्हणजे यॉर्कशरपाशीच फांदी फुटते. एक थेम्सकाठच्या राजवाड्याकडे जाते, दुसरी ड्यूकच्या घराण्याकडे. ड्यूकच्या नावावरचं एकही गाव सरेच्या रिचमंडचं मूल नाही, ती सगळी भावंडाची मुलं आहेत. यादी वाचून हे कोणालाही कळलं नसतं.

विकिडेटात 'कशावरून नाव पडलं' हे सांगणारा पी१३८ हा गुणधर्म आहे. बहुतेक रिचमंडांच्या नोंदीत तो रिकामा होता. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे भरायला सुरुवात केली. हे काम मराठीपुरतं राहत नाही, सगळ्या भाषांतल्या वाचकांच्या उपयोगी पडतं, म्हणून त्यात गेलेला वेळ मला वाया गेलेला वाटत नाही.

१७ जून

सरेची फांदी. व्हर्जिनियातलं रिचमंड हे तिचं सर्वांत मोठं अपत्य. जमीनदार विल्यम बर्ड दुसरा, ज्याचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं होतं, त्याने १७३३ साली जेम्स नदीच्या धबधब्यांपाशी शहर वसवायचं ठरवलं. १७३७ साली विल्यम मेयोने आखणी केली. तिथल्या टेकडीवरून दिसणारं जेम्स नदीचं वळण बर्डला सरेच्या रिचमंड हिलवरून दिसणाऱ्या थेम्ससारखं वाटलं. १७८० साली ते राज्याच्या राजधानीचं शहर झालं. त्या टेकडीला आज लिबी हिल म्हणतात.

दोन्ही ठिकाणची छायाचित्रं शेजारी लावून बघितली. साम्य खरंच आहे: खाली डावीकडे वळत जाणारी नदी आणि दोन्ही काठांना झाडी. सरेतला तो देखावा तर ब्रिटिश संसदेने १९०२ साली कायदा करून राखला आहे. नकाशात या दोन ठिकाणांमधल्या रेषेवर 'नदीचं वळण' असं लिहिलं. एरवी रेषांवर काही लिहिलेलं नाही, पण इथे कारण इतकं स्पष्ट आहे की ते सांगायलाच हवं.

एक फसवी जागा: व्हर्जिनियातच रिचमंड काउंटी आहे, १६९२ची, आणि रिचमंड शहर त्या काउंटीत नाही. दोघांचा एकमेकांशी संबंध जोडू नका. काउंटी शहरापेक्षा चाळीस वर्षांहून जास्त जुनी आहे, आणि ती शहरापासून दूर ईशान्येला आहे. जिओनेम्समध्ये दोन्ही ओळी एकाखाली एक येतात, म्हणून चटकन एकत्र होतात.

व्हर्जिनियाची पुढची पिढी पश्चिमेकडे गेली. केंटकीतलं रिचमंड १७९८ साली कर्नल जॉन मिलरने वसवलं आणि नाव व्हर्जिनियाच्या शहरावरून ठेवलं. त्याची रेषा थेट व्हर्जिनियातून काढली, इंग्लंडमधून नाही.

२२ आणि २३ जून

ड्यूकांचे दोन दिवस. या फांदीत गावं कमी आणि माणसं जास्त आहेत, म्हणून हळू जावं लागलं. पहिल्यांदा सगळ्या ड्यूकांना एकच बिंदू दिला होता आणि तो गुडवुड इथल्या त्यांच्या वाड्यावर ठेवला होता. मसुदा बघणाऱ्या एका विकिपीडियन मित्राने विचारलं, गुडवुडचं नाव कुठेच गेलेलं नाही, मग रेषा तिथून का? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ड्यूकांसाठी नकाशाबाहेर, वरच्या समासात चौकटी केल्या. प्रत्येकाची वेगळी चौकट, तिथून रेषा खाली.

पहिला ड्यूक: १६८३ साली न्यूयॉर्क वसाहतीत पहिल्या बारा काउंट्या झाल्या, त्यात स्टेटन आयलंडला रिचमंड काउंटी नाव मिळालं. ज्याच्यावरून नाव पडलं तो चार्ल्स लेनॉक्स तेव्हा अकरा वर्षांचा होता. न्यूयॉर्क महानगरपालिकेतल्या त्या विभागाचं नाव १९७५ साली रिचमंड बदलून स्टेटन आयलंड झालं. काउंटीचं नाव मात्र रिचमंडच राहिलं. म्हणून एकाच बेटाच्या दोन नोंदी सापडतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

तिसरा ड्यूक: या माणसापाशी मी जास्त थांबले. अमेरिकन वसाहतींवरच्या युद्धाला त्याने ब्रिटिश संसदेत, लॉर्ड्सच्या सभागृहात, उघड विरोध केला. म्हणून बंडात उतरलेल्या जॉर्जियाने १७७७ साली आपल्या पहिल्या काउंट्यांपैकी एकीला त्याचं नाव दिलं, नॉर्थ कॅरोलायनाने १७७९ साली. पुढे तोच ड्यूक ब्रिटिश सरकारात तोफखान्याच्या आणि दारूगोळ्याच्या खात्याचा प्रमुख झाला. १७८९ साली न्यू साउथ वेल्सचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप हॉक्सबरी नदी बघत गेला आणि तिच्यावरच्या एका टेकडीला त्याने रिचमंड हिल म्हटलं, ते याच ड्यूकवरून. ब्रिटिश सत्तेशी लढणाऱ्यांनी आणि ब्रिटिश सत्तेच्या अधिकाऱ्याने बारा वर्षांच्या आत एकाच माणसाचं नाव जगाच्या दोन टोकांना ठेवलं. त्याच्या चौकटीतून तीन रेषा निघतात आणि नकाशावर त्या सर्वांत रुंद पसरतात.

चौथा ड्यूक: हा १८१८ ते १८१९ कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. ओटावाजवळ निवृत्त सैनिकांची वसाहत १८१८ साली वसली, तिला त्याचं नाव दिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कोल्हा चावला आणि २८ ऑगस्ट १८१९ रोजी त्याच वसाहतीजवळ तो रेबीजने मेला. त्याच्या मृत्यूमुळे गावाला नाव पडलं असं काही वर्णनांवरून वाटतं, पण क्रम उलटा आहे: नाव आधीचं आहे. तारखांचा स्तंभ असल्यामुळे हे लगेच पकडता आलं.

त्याची मुलगी सारा हिने पेरेग्रीन मेटलंडशी लग्न केलं होतं. तोच मेटलंड १८४४ ते १८४७ केप वसाहतीचा गव्हर्नर होता. कारूच्या कोरड्या पठारावर त्या काळात वसलेल्या गावाला सासऱ्याचं नाव गेलं. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात आहे. सासरा तोवर वीस वर्षांहून जास्त काळ आधी वारला होता. या गावाची रेषा ड्यूकच्या चौकटीतून काढायची की मेटलंडच्या, यावर बराच विचार केला. शेवटी ड्यूकच्या चौकटीतून काढली, कारण नाव त्याचं आहे. कोणी ठेवलं ते टिपेत लिहिलं.

३० जून

ऑस्ट्रेलिया. इथे गावं आणि नद्या एकमेकांत गुंतल्या आहेत.

न्यू साउथ वेल्समधलं रिचमंड गाव गव्हर्नर मॅक्वारीने १८१० साली हॉक्सबरीच्या पुरापासून उंचावर वसवलं, विंडसर, पिट टाउन, विल्बरफोर्स आणि कॅसलरे यांच्याबरोबर. फिलिपच्या रिचमंड हिलवरून गावाचं नाव, म्हणजे तिसऱ्या ड्यूकवरून.

त्याच राज्याच्या उत्तरेला रिचमंड नदी आहे. कॅप्टन हेन्री राउसने १८२८ साली ती शोधली आणि पाचव्या ड्यूकचं नाव दिलं. म्हणजे एकाच राज्यात गाव एका ड्यूकचं आणि नदी दुसऱ्याची. क्वीन्सलंडच्या आतल्या भागातलं रिचमंड गाव तिथल्या रिचमंड डाउन्स या पशुपालनाच्या वाडीवरून आणि ती वाडी या नदीवरून. माझ्या यादीत नद्या नव्हत्या, त्यामुळे क्वीन्सलंडच्या गावाला पालकच मिळेना. नदी आत घ्यावी लागली. वस्त्यांची यादी करताना नद्या आणि टेकड्या पूर्ण फेकून देऊ नका. वेगळ्या पत्रकात ठेवा.

टास्मानियातल्या रिचमंडला फक्त बिंदू दिला, रेषा नाही. तिथला दगडी पूल १८२३ ते १८२५ मध्ये कैद्यांकडून बांधून घेतला होता आणि तो ऑस्ट्रेलियातला सर्वांत जुना वापरातला दगडी पूल आहे. टिपेत तो लिहिला.

मेलबर्नचं रिचमंड मात्र पुन्हा सरेच्या फांदीवर आहे. यारा नदीच्या वळणावरची ती टेकडी, आणि लंडनच्या रिचमंड हिलवरून तिला दिलेलं नाव. बर्डने जे जेम्स नदीवर पाहिलं तेच शंभर वर्षांनी यारावर पाहिलं गेलं. इथल्या रेषेवरही 'नदीचं वळण' लिहिलं.

६ जुलै

या नकाशाचं सार्थक मला कशात वाटत असेल तर ते आजच्या कामात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर रिचमंड शहर आहे. उपसागर ओलांडून पलीकडे, सॅन फ्रान्सिस्को शहरातच, महासागराच्या बाजूला रिचमंड डिस्ट्रिक्ट नावाची वस्ती आहे. दोघांत अंतर सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर. यादीत दोन्ही शेजारी होत्या आणि एक दुसरीवरून आली असणार असंच कोणालाही वाटेल. माझा मावसभाऊ त्या भागात राहतो. त्याने सांगितलं की नवीन आलेली मराठी मंडळी सुरुवातीला हमखास गोंधळतात: बार्टच्या (तिथल्या लोकल रेल्वेच्या) गाडीवर शेवटचं स्थानक 'रिचमंड' लिहिलेलं असतं, ते पूर्वेकडचं, आणि घर शोधताना जाहिरातीत 'रिचमंड' असतं ते शहरातलं, जिथे बार्ट जातच नाही.

पूर्वेकडचं रिचमंड: व्हर्जिनियाच्या रिचमंडमध्ये जन्मलेला एडमंड रँडॉल्फ कॅलिफोर्नियाच्या पहिल्या विधिमंडळात होता. त्याच्या आग्रहामुळे किनाऱ्याची मोजणी करणाऱ्यांनी १८५४च्या नकाशावर तिथल्या भूशिराला रिचमंड नाव टाकलं. शहर १९०५ साली अधिकृत झालं.

पश्चिमेकडचं रिचमंड: जपानी कलावस्तूंचा व्यापारी जॉर्ज टर्नर मार्श हा मूळचा मेलबर्नच्या रिचमंड उपनगरातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात त्याने घर बांधलं आणि त्याला 'रिचमंड हाउस' म्हटलं. घरावरून वस्तीला नाव पडलं. पलीकडच्या शहराशी गोंधळ नको म्हणून १९१७ साली वस्तीचं नाव अधिकृतपणे पार्क-प्रेसिडिओ केलं, पण लोकांनी ते कधी वापरलं नाही. २००९ साली रिचमंड हे नाव पुन्हा अधिकृत झालं.

दोन्ही साखळ्या एकाखाली एक लिहिल्या. नॉर्मंडी, यॉर्कशर, सरे, व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया. नॉर्मंडी, यॉर्कशर, सरे, मेलबर्न, कॅलिफोर्निया. सरेच्या टेकडीवर दोघी वेगळ्या झाल्या, एक अटलांटिकवरून पश्चिमेला गेली, दुसरी पूर्वेला ऑस्ट्रेलियापर्यंत, आणि पृथ्वीला फेरा मारून दोन्ही एकाच उपसागराच्या दोन काठांवर आल्या. मध्ये साडेतीनशे वर्षं. कोणी हे योजलेलं नव्हतं. घराच्या ओढीने एकाने व्हर्जिनियाची आठवण जपली, दुसऱ्याने मेलबर्नची, आणि दोघांच्याही आठवणीच्या मुळाशी थेम्सचं तेच वळण. एक माणूस जेव्हा नव्या जागेला जुनं नाव देतो तेव्हा तो बहुतेक वेळा फक्त एक पिढी मागे बघत असतो. त्यामागची साखळी त्याला माहीत असेलच असं नाही. म्हणूनच ती कोणीतरी नंतर बसून जोडणं गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं.

१३ जुलै

आणि नेमकी हीच दोन रिचमंडं नकाशावर काढता येईनात.

नेहमीचा, ग्रिनिच मधोमध असलेला नकाशा घेतला. लंडन ते व्हर्जिनिया ते कॅलिफोर्निया रेषा छान आली. मेलबर्न ते सॅन फ्रान्सिस्को ही रेषा मात्र प्रशांत महासागरातून न जाता हिंदी महासागर, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडत पूर्ण नकाशाभर आडवी गेली. कारण साधं आहे: मेलबर्न १४५ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला, म्हणजे आकड्यांत अधिक १४५ ते उणे १२२. प्रोग्रॅम दोन आकड्यांमधली सरळ रेघ ओढतो. १८० अंशांच्या रेखावृत्तावर नकाशाची कड आहे आणि तिथून पलीकडे जाता येतं हे त्याला आपण सांगावं लागतं.

क्यूजीआयएसमध्ये रेषा त्या रेखावृत्तावर तोडणारं साधन आहे. ते चालवलं. रेषा दोन तुकड्यांत झाली, एक उजव्या कडेला संपतो, दुसरा डाव्या कडेला सुरू होतो. बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला हे एकच नातं आहे हे कळत नाही. आणि मला दाखवायचं होतं ते नेमकं हेच नातं.

मग नकाशाचा मध्य हलवला. आधी प्रशांत महासागराच्या मधोमध ठेवून बघितला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्याच रेखावृत्तावर आणला. आता मेलबर्न डावीकडे, ब्रिटन उजवीकडे, आणि दोन्हीकडून रेषा मधल्या उपसागरापाशी येऊन मिळतात. किनाऱ्यांचे बहुभुज नव्या कडेवर फाटले आणि आशियातून आडव्या पट्ट्या निघाल्या. ते नव्या कडेवरच्या रेखावृत्तावर आधी कापून मग प्रक्षेपित केले (सपाट नकाशावर उतरवले) तेव्हा पट्ट्या गेल्या. यात दोन संध्याकाळी गेल्या.

लंडन ते मेलबर्न ही रेषा आता तुटते. कुठेतरी तुटणारच, नाव पृथ्वीभोवती गेलं आहे आणि कागद सपाट आहे. तुटलेल्या दोन्ही टोकांना बाण लावले, एकावर 'मेलबर्नकडे', दुसऱ्यावर 'लंडनहून' असं लिहिलं. विकिपीडियन मित्राला आणि घरच्यांना दाखवलं. रेषा कुठे जाते हे सगळ्यांना न विचारता कळलं, म्हणून इथेच थांबले.

२० जुलै

छपाई. गावातल्या वाचनालयाने भिंतीवर लावायला जागा दिली आहे, म्हणून मोठी प्रत हवी होती. पीडीएफ घेऊन छपाईच्या दुकानात गेले. त्यांनी ती कोरलड्रॉमध्ये उघडली आणि जोडाक्षरं सुटली: 'व्हर्जिनिया' मधला रफार 'ज'वरून सरकून भलतीकडे, 'यॉर्कशर' चे तुकडे. पडद्यावर कोणाच्या लक्षात आलं नाही, कागदावर आल्यावर दिसलं. ती प्रत वाया गेली, साधारण अडीचशे रुपये.

दुरुस्ती: क्यूजीआयएसमधून बाहेर काढतानाच 'मजकूर रेषारूपात' हा पर्याय निवडायचा. मग अक्षरं ही अक्षरं न राहता आकार होतात आणि कोणत्याही संगणकावर बदलत नाहीत. दुकानदाराने सुचवलं की ३०० डीपीआयचं चित्र दिलं तरी चालेल. तेही आणलं होतं, पण रेषारूपातली पीडीएफ जास्त स्वच्छ छापली गेली. 'अ‍ॅ' हे अक्षर दुसऱ्या एका फाँटमध्ये तुटक गोलासह येत होतं. 'मुक्त' नावाच्या फाँटमध्ये नीट आलं. प्रत्येक नाव छापण्याआधी एकदा पूर्ण मोठं करून डोळ्यांखालून घालावं.

२७ जुलै

नकाशा विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामाईक साठ्यावर) चढवला. एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) फाइलमध्ये अक्षरं ठेवली तर तिथला सर्व्हर स्वतःच्या फाँटमध्ये दाखवतो आणि नावं एकमेकांवर चढतात. म्हणून दोन फाइली दिल्या: एक रेषारूपातली, दाखवायला, एक अक्षरं जशीच्या तशी असलेली, म्हणजे कोणाला कन्नड किंवा गुजराती आवृत्ती करायची असेल तर नावं बदलता येतील. किनारे नॅचरल अर्थचे असल्यामुळे परवान्याचा प्रश्न आला नाही.

निःसंदिग्धीकरण पानही बदललं. आता क्रम देशांप्रमाणे नाही. वर यॉर्कशर, त्याखाली सरे आणि तिची संतती, मग ड्यूकांप्रमाणे गट, शेवटी ज्यांचा पालक नोंदीत नाही अशी गावं. एका संपादकाने देशांप्रमाणे क्रम हवा अशी सूचना केली. शोधायला सोपं पडतं हे त्यांचं कारण योग्य आहे. चर्चापानावर बोलून पानाच्या तळाशी देशवार यादी जोडली, दोन्ही ठेवल्या.

राहिलेलं काम: कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातलं रिचमंड, १८७९ साली अधिकृत झालेलं. त्याच्या नावाबद्दल एकाहून जास्त दावे आहेत, म्हणून त्याला तुटक रेषा द्यावी का यावर चर्चापानावर मत मागवलं आहे. बंगळुरूच्या रिचमंड टाउनचा बिंदू लागला आहे, रेषा अजून नाही. तिथल्या जुन्या छावणीचे नकाशे कोणी पाहिले असतील तर त्यांनी पानाच्या चर्चेत लिहावं. न्यूझीलंडमधल्या रिचमंडची रेषा सरेवरून काढली आहे. क्वीन्सलंडची टीप छोटी करायची आहे, ती शेजारच्या नावावर चढते.

पत्रकाची रिकामी प्रत, स्तंभांसह, कॉमन्सवरच्या फाइलीच्या वर्णनात जोडली आहे. बॉस्टनवर काम करणाऱ्यांनी ती तशीच घ्यावी. फक्त 'पालक' रकान्यात लिंकनशरचं बॉस्टन की मॅसॅच्युसेट्सचं, हे पहिल्याच दिवशी वेगळं करावं.